फायरवॉलमधील नियमजुळणी जलद करण्यासाठी नेमके काय करावे?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार मंडळी. धुळ्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक-जाळ्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. इंटरनेटच्या तोंडाशी फायरवॉलचे, म्हणजे ये-जा करणारी पॅकेटे (माहितीचे तुकडे) तपासून सोडण्याचे किंवा अडवण्याचे काम करणारा एक लिनक्स सर्व्हर असून त्यावर आयपीटेबल्सचे (लिनक्समधील फायरवॉलच्या साधनाचे) सुमारे तीन हजार नियम आहेत. त्यांतील बहुतेक माझ्या आधीच्या व्यवस्थापकांनी गरज पडेल तसे जोडत नेले आहेत. कोणाचा तरी पत्ता अडवायचा होता, वसतिगृहाला एखादे पोर्ट (ठरावीक सेवेचा क्रमांक) उघडून द्यायचे होते किंवा परीक्षेपुरती सवलत हवी होती, असे ते साठत गेले. इंटरनेटची जोडणी १ गिगाबिटची आहे. सकाळी अकराच्या सुमारास सर्व प्रयोगशाळा सुरू झाल्या की प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि संकेतस्थळे उघडायला वेळ लागतो. ‘पर्फ टॉप’ (प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिले, तर नियमांचा तक्ता तपासणारे कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) फंक्शन यादीत सर्वांत वर दिसते.

पुरवठादाराने नव्या यंत्राचे दरपत्रक दिले आहे. मला मात्र दोष यंत्राचा नसून नियमांच्या रचनेचा वाटतो. जाणकारांना माझा प्रश्न असा की, नियमांचा अर्थ न बदलता जुळणी जलद करता येते का, आणि त्यासाठी केवळ क्रम बदलणे पुरते की सगळी रचना नव्याने करावी लागते?

तोरणमाळ

सरळ सांगतो, नवे यंत्र घ्या. तीन हजार नियम वाचून, समजून, पुन्हा मांडण्यात तुमचे जे आठवडे जातील त्यांचीही किंमत असते आणि ती कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

खान्देशी_भरीत

तीन हजार! यांतले किती नियम अशा विद्यार्थ्यांसाठी आहेत जे आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला जातात, तेही एकदा मोजावे.

सातपुडा_जाळे (चोपडा)

तोरणमाळ यांच्याशी मी सहमत नाही. मी तालुक्यात इंटरनेट पुरवतो आणि हा प्रश्न मला रोज भेटतो. एकूण नियम किती आहेत याला फारसा अर्थ नाही. एका पॅकेटला सरासरी किती नियम तपासावे लागतात, हा आकडा महत्त्वाचा आहे. आयपीटेबल्समध्ये साखळीतील (नियमांच्या क्रमवार यादीतील) नियम वरून खाली एकेक करून पाहिले जातात आणि निकाल देणारा पहिला नियम लागू होताच शोध थांबतो. म्हणून पहिला प्रश्न हा की, ‘आधीच प्रस्थापित झालेल्या कनेक्शनचे पॅकेट जाऊ द्या’ हा नियम तुमच्याकडे कितव्या क्रमांकावर आहे?

धरून चला की एका डाउनलोडमध्ये शंभर पॅकेटे आहेत आणि नव्या कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटला २५०० नियम ओलांडावे लागतात. प्रस्थापित कनेक्शनचा नियम सर्वांत वर असेल तर उरलेल्या ९९ पॅकेटांचे काम एकेका तपासणीत संपते. एकूण तपासण्या २५९९, म्हणजे पॅकेटमागे सरासरी २६. तोच नियम चारशेव्या क्रमांकावर असेल तर ही सरासरी ४२१ होते. नियम तेवढेच, यंत्र तेच, आणि काम सोळा पट.

हा हिशेब डीएनएसला (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) मात्र लागू पडत नाही. तिथे एक पॅकेट प्रश्नाचे आणि एक उत्तराचे; पहिल्याला २५०० तपासण्या, दुसऱ्याला एक, म्हणजे सरासरी १२५०. म्हणून डीएनएसला परवानगी देणारा नियम मी नेहमी प्रस्थापितच्या लगेच खाली ठेवतो. बाहेरून पोर्ट चाचपडणाऱ्यांची पॅकेटे तर त्याहून वाईट. त्यांचे कनेक्शन कधीच प्रस्थापित होत नाही, त्यामुळे प्रत्येक पॅकेट यादीच्या तळापर्यंत जाते आणि तिथे नाकारले जाते. ज्यांना नकारच द्यायचा आहे त्यांच्यावर आपण सर्वांत जास्त खर्च करतो.

पांझराकाठ (धुळे)

आपला प्रश्न अचूक ठिकाणी लागला. तो नियम चारशेच्या पुढेच आहे. त्याच्या वर अडवलेल्या पत्त्यांची यादी आहे, प्रत्येक पत्त्याला एक स्वतंत्र ओळ. ‘अडवायचे ते आधी अडवावे’ असा विचार त्यामागे असावा.

केळीबाग_रावेर

मग सोपे आहे. प्रत्येक नियमासमोर आयपीटेबल्स पॅकेटांची संख्या दाखवतेच. ती उतरत्या क्रमाने लावावी आणि नियम त्याच क्रमाने पुन्हा भरावेत. एक छोटी स्क्रिप्ट हे काम करेल.

गिरणेचे_पाणी (चाळीसगाव)

केळीबाग, ही स्क्रिप्ट कृपया चालवू नका. दोन नियमांना लागू होणारी पॅकेटे सामाईक असतील आणि त्यांचे निकाल वेगळे असतील, तर त्यांची अदलाबदल केल्यावर फायरवॉलचा अर्थच बदलतो. ‘ग्रंथालयाच्या एका संगणकाला डेटाबेसकडे जाऊ देऊ नये’ हा नियम क्वचितच लागतो. त्याच्याखालचा ‘ग्रंथालयाला सर्व्हरकडे जाऊ द्यावे’ हा दिवसभर लागतो. आकड्यांच्या क्रमाने लावले तर दुसरा वर जाईल आणि पहिला नियम फक्त कागदावर उरेल. अदलाबदल सुरक्षित असण्याचे प्रसंग दोनच: दोन्ही नियमांत एकही पॅकेट सामाईक नसणे किंवा दोन्हींचा निकाल एकच असणे.

हे आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. नियमासमोरचा आकडा म्हणजे त्या नियमात बसणारी एकूण पॅकेटे नव्हेत. वरच्या नियमांतून सुटून तिथपर्यंत पोहोचलेली तेवढीच त्यात मोजलेली असतात. शिवाय ते आकडे नियम भरल्यापासून किंवा शून्य केल्यापासून साठत आलेले असतात. तुमचा प्रश्न सकाळी अकराचा आहे, म्हणून साडेदहाला आणि साडेअकराला आकडे टिपून त्यांतील फरक घ्यावा. रात्रभराच्या बॅकअपचे आकडे त्यात मिसळले तर क्रम रात्रीसाठी लागेल आणि रांग दिवसा लागेल.

सर्वोत्तम क्रम शोधणे गणिताच्या दृष्टीनेही अवघड आहे. ‘अमुक नियम तमुकाच्या आधीच हवा’ अशी बंधने आली की हा प्रश्न, एकाच यंत्रावर पूर्वक्रम पाळून कामे लावण्याच्या जुन्या प्रश्नासारखा होतो, आणि तो एनपी-कठीण आहे, म्हणजे मोठ्या यादीचे नेमके उत्तर झटपट काढणारी पद्धत माहीत नाही. व्यवहारात शेजारच्या जोड्या अदलाबदल करत जाणे बरे चालते, पण ती पद्धतही अडकते. खूप लागणारा एखादा नियम क्वचित लागणाऱ्या नियमाच्या पाठीशी बांधलेला असेल, तर दोघांना मिळून वर उचलावे लागते. फक्त शेजारी पाहणाऱ्या पद्धतीला हे दिसत नाही.

केळीबाग_रावेर

समजले. स्क्रिप्ट थांबवली आहे. पण मग आकड्यांचा उपयोग काय?

गिरणेचे_पाणी (चाळीसगाव)

उपयोग पुष्कळ आहे. ज्यांचा आकडा कित्येक महिने शून्य आहे, ते दोन प्रकारचे असतात. काहींची गरज संपलेली असते. काही वरच्या नियमाने पूर्ण झाकले गेलेले असतात, म्हणजे त्यांच्यापर्यंत पॅकेट कधी पोहोचूच शकत नाही. दुसऱ्या प्रकारचे काढल्याने अर्थ तसूभरही बदलत नाही, पण काढण्यापूर्वी झाकणारा नियमच चुकीचा नाही ना, हे पाहावे. झाकला गेलेला नियम हा बहुधा कोणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या हेतूचा पुरावा असतो.

अंजनी (एरंडोल, सध्या पुणे)

नियमांकडे वळण्यापूर्वी मूळ पोस्टमधल्या ‘एक कोअर’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. बाकीचे कोअर रिकामे असतील, तर नेटवर्क कार्डाची सर्व पॅकेटे एकाच रांगेतून एकाच कोअरकडे जात असावीत. कार्डाला एकाहून अधिक रांगा असल्यास पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून (त्यांतून गणिताने काढलेल्या छोट्या आकड्यावरून) पॅकेटे वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात, आणि एका कनेक्शनची पॅकेटे एकाच कोअरवर राहत असल्याने त्यांचा क्रमही बिघडत नाही. ही सोय बंद असेल तर अधिक कोअरचे नवे यंत्र घेऊनही चित्र तेच राहील. तोरणमाळ यांनी दरपत्रकासोबत हेही विचारात घ्यावे.

आता वेगाचा खरा अंदाज. १ गिगाबिटच्या जोडणीवर पूर्ण आकाराच्या फ्रेम (पॅकेट ज्या वेष्टनातून तारेवर जाते ते) धावत असतील तर त्या सेकंदाला सुमारे ८१ हजार असतात, म्हणजे प्रत्येकीला १२ मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेम आल्या तर त्या सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होतात आणि प्रत्येकीसाठी ६७२ नॅनोसेकंद उरतात. १० गिगाबिटवर हाच अवधी ६७ नॅनोसेकंदांवर येतो. म्हणून ‘इतक्या गिगाबिटची फायरवॉल’ हे जाहिरातीतले वाक्य फ्रेमचा आकार सांगितल्याशिवाय अपुरे असते.

तोरणमाळ

मान्य, रांगांचा मुद्दा मी धरला नव्हता. पण मोठ्या राउटर-स्विचमध्ये हजारो नियम एका फटक्यात जुळतात, हे तर खरे आहे ना? मग हार्डवेअरला नाव ठेवण्याचे कारण काय?

अंजनी (एरंडोल, सध्या पुणे)

खरे आहे. त्यांत टीकॅम नावाची स्मृती असते. तिच्या प्रत्येक खान्यात शून्य, एक आणि ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्था ठेवता येतात, आणि आलेले पॅकेट सर्व ओळींशी एकाच वेळी ताडून सर्वांत वरच्या जुळलेल्या ओळीचा क्रमांक मिळतो. मात्र ही स्मृती महाग असते, वीज जास्त खाते आणि तिच्या ओळी मर्यादित असतात. त्याशिवाय पोर्टच्या पट्ट्यांची अडचण आहे. ‘१०२४ ते ६५५३५’ हा पट्टा तिथे एका ओळीत मावत नाही. दोनाच्या घातांत तोडून त्याच्या सहा ओळी होतात. ‘१ ते ६५५३४’ या पट्ट्याच्या तर तीस. असा पट्टा उगम आणि गंतव्य या दोन्ही पोर्टांवर लावला की एका नियमाच्या ९०० ओळी. तेव्हा हार्डवेअर घेतले तरी नियम कसे लिहिले आहेत याचा विचार सुटत नाही.

भुसावळ_यार्ड

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे, संगणकातला नाही. पण वाचता वाचता एक शंका आली. आमच्या यार्डात आलेल्या मालगाडीचा प्रत्येक डबा प्रत्येक स्थानकाच्या नावाशी ताडून पाहत नसत. आधी खंडव्याची बाजू, अकोल्याची बाजू आणि मनमाडची बाजू अशी वाटणी होई, आणि नंतर त्या त्या बाजूची स्थानके. तुमच्या यंत्राला असे दोन टप्प्यांत काम करता येत नाही का?

गिरणेचे_पाणी (चाळीसगाव)

येते, आणि आपण अगदी मुळाला हात घातला आहे. आयपीटेबल्समध्ये स्वतःच्या साखळ्या करता येतात. मुख्य साखळीत केवळ ‘गंतव्य वसतिगृहाचे असेल तर वसतिगृहाच्या साखळीत जा, प्रयोगशाळेचे असेल तर तिकडे जा’ एवढेच ठेवायचे. तीन हजार नियम तीस साखळ्यांत सारखे वाटले गेले, तर वाईटात वाईट प्रसंगी तीस आणि शंभर अशा १३० तपासण्या होतात.

यार्डाची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. डब्याला एकच गंतव्य असते. नियमात मात्र ‘कोणताही पत्ता’ असे लिहिलेले असू शकते. असा नियम सर्व साखळ्यांमध्ये उतरवावा लागतो, आणि तोही वर-खाली कोणते नियम आहेत त्यांचा क्रम सांभाळून. असे नियम बरेच असतील तर तीन हजारांचे दहा हजार होतात. म्हणून वाटणीसाठी असे क्षेत्र निवडावे, ज्यात ‘कोणताही’ कमीत कमी वेळा येतो. बहुतेक संस्थांमध्ये ते गंतव्य पत्ता हे असते, पण गृहीत न धरता मोजून पाहावे.

संशोधनातही नेमकी हीच अडचण पुन्हा पुन्हा दिसते. १९९९ मध्ये गुप्ता आणि मॅकिओन यांनी मांडलेल्या हायकट्स या पद्धतीत नियमांच्या अवकाशाचे तुकडे करत निर्णयवृक्ष बांधला जातो. शोध जलद होतो. पण ‘कोणताही’वाले नियम प्रत्येक तुकड्यात उतरतात आणि स्मृती फुगते. पुढच्या हायपरकट्स, एफिकट्स या पद्धतींचा बराचसा भर ही फुगवट कमी करण्यावर आहे. त्याच वर्षी श्रीनिवासन, सुरी आणि वर्गीस यांनी वेगळी वाट सुचवली. प्रत्येक क्षेत्रातील किती बिट पाहिले जातात यावरून नियमांचे गट करायचे आणि प्रत्येक गटासाठी एक हॅश तक्ता ठेवायचा. तपासण्या नियमांच्या संख्येवर नव्हे, गटांच्या संख्येवर अवलंबून राहतात आणि नवा नियम घालणे स्वस्त पडते. ओपन व्हीस्विचने (सॉफ्टवेअरमधील नेटवर्क स्विचने) हीच पद्धत घेतली आहे, कारण तिथे नियम सतत बदलत असतात. मात्र तिथेही गटांची संख्या वाढली की शोध मंदावतो.

खान्देशी_भरीत

भुसावळ_यार्ड यांनी ‘मी संगणकातला नाही’ असे म्हणून धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला. आता कोणीतरी मनमाडच्या बाजूला पाठवलेली पॅकेटे अकोल्याला का पोहोचतात, तेही सांगावे.

नंदनगरी (नंदुरबार)

मी एका सहकारी बँकेच्या माहिती-तंत्र विभागात आहे. इथे आतापर्यंत कोणी न घेतलेला एक आक्षेप मांडतो. आमच्या लेखापरीक्षकांना प्रत्येक शाखेचा प्रत्येक नियम स्वतंत्र ओळीत, कारणासह हवा असतो. साखळ्या आणि संच (एकाच नियमात अनेक पत्ते) केले की यंत्र खूश होते आणि लेखापरीक्षक नाराज. जलद पण न समजणारी फायरवॉल ही संथ पण समजणाऱ्या फायरवॉलपेक्षा धोकादायक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदींचाही प्रश्न आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्यामुळे अनेक ठिकाणी दर नकारापुढे नोंद करणारा नियम लावून ठेवलेला दिसतो. कोणी पोर्ट चाचपडू लागले की यंत्र पॅकेट अडवण्यापेक्षा ती कथा लिहिण्यातच जास्त दमते.

सातपुडा_जाळे (चोपडा)

नंदनगरी यांचा पहिला आक्षेप मला अर्धा पटतो. आयपीसेटमध्ये (आयपीटेबल्ससाठी पत्त्यांचे संच ठेवणाऱ्या साधनात) आणि एनएफटेबल्समध्ये (आयपीटेबल्सच्या नव्या वारसदारात) संचातील प्रत्येक घटकाला टिप्पणी जोडता येते, मुदतही घालता येते. ‘अमुक शाखा, अमुक अर्जावरून, मार्चअखेरपर्यंत’ असे लिहिलेला घटक मुदत संपताच आपोआप निघून जातो. खान्देशी_भरीत यांच्या त्या जुन्या विद्यार्थ्यांचा प्रश्न इथेच सुटला असता. लेखापरीक्षकाला संचाची यादी छापून दिली तर ती तीन हजार आज्ञांपेक्षा वाचायला सोपी असते.

आता पांझराकाठ यांच्या अडवलेल्या पत्त्यांबद्दल. चारशे ओळींऐवजी एक आयपीसेट करावा. हॅश असल्याने संचात चारशे पत्ते असोत की चाळीस हजार, शोधायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. तो संच तपासणारा एकच नियम ‘रॉ’ तक्त्यात, म्हणजे कनेक्शनचा मागोवा सुरू होण्याच्याही आधी ठेवावा. यात दोन फायदे आहेत. नाकारायच्या पॅकेटांवर कॉनट्रॅकची, म्हणजे त्या मागोव्याची मेहनत खर्च होत नाही. आणि प्रस्थापितचा नियम यादीच्या वर नेल्यावर जो धोका उद्भवतो, तो टळतो. नुसता प्रस्थापितचा नियम वर नेला असता, तर आज अडवलेल्या पत्त्याचे कालपासून चालू असलेले कनेक्शन तसेच चालू राहिले असते. प्रस्थापित टीसीपी कनेक्शनची नोंद कर्नल मुळात पाच दिवस धरून ठेवतो, हे लक्षात असू द्यावे.

केळीबाग_रावेर

माझ्याकडे मायक्रोटिक कंपनीचा राउटर आहे. त्यात फास्टट्रॅक (प्रस्थापित कनेक्शनची पॅकेटे जवळच्या वाटेने पुढे नेणारी सोय) चालू केले की प्रोसेसरचा भार एकदम खाली येतो. मग एवढा खटाटोप कशाला?

सातपुडा_जाळे (चोपडा)

कारण फास्टट्रॅकमधून जाणारी पॅकेटे फायरवॉलच्या नियमांबरोबरच साध्या रांगांनाही चुकवून जातात. ज्यांच्या ग्राहकांचा वेग त्या रांगांनी ठरतो, त्यांनी ते सरसकट चालू केले की दहा एमबीपीएसचा ग्राहक शंभर वापरू लागतो. तो तक्रार करत नाही. त्याचे शेजारी करतात. घरगुती किंवा छोट्या कार्यालयाच्या राउटरवर मात्र ती सोय उत्तम आहे.

अंजनी (एरंडोल, सध्या पुणे)

पांझराकाठ, रचना बदलणारच असाल तर एनएफटेबल्सवर जा. ते २०१४ च्या जानेवारीत कर्नल ३.१३ बरोबर आले. तिथे निकालाचा नकाशा ठेवता येतो: गंतव्य पत्ता पाहिला की एकाच शोधात कोणत्या साखळीत जायचे ते कळते. म्हणजे वरच्या हिशेबातील तीस तपासण्यांची एक होते. पत्ता आणि पोर्ट यांची जोडी, तीही पट्ट्यांसह, एका संचात ठेवण्याची सोय कर्नल ५.६ पासून आहे. एक गोष्ट आठवणीने करा: तिथे पॅकेटांची मोजणी आपोआप होत नाही, नियमात तसे सांगावे लागते.

रूपांतर करून देणारे साधन उपलब्ध आहे, पण ते ओळीस ओळ बदलते. तीन हजार ओळींची सरळ यादी एनएफटेबल्समध्ये गेली तरी सरळ यादीच राहते आणि वेगात म्हणावा तसा फरक दिसत नाही. बरेच जण इथे निराश होऊन परत फिरतात.

भुसावळ_यार्ड

धन्यवाद. ‘कोणताही पत्ता’ ही अडचण समजली. आमच्याकडे ब्रेकव्हॅन प्रत्येक गाडीला लागत असे. तसेच काहीसे दिसते.

पांझराकाठ (धुळे)

सर्वांचे आभार. काही दिवसांनी परत येत आहे, कारण मधल्या काळात काम केले आणि नवे प्रश्न निर्माण झाले.

अंजनी यांनी सांगितल्याप्रमाणे आधी कार्डाच्या रांगा तपासल्या. कार्डाला चार रांगा होत्या, पण सर्वांचे इंटरप्ट (पॅकेट आल्याची प्रोसेसरला जाणारी सूचना) एकाच कोअरला बांधलेले होते. ते वाटून दिले. त्यानंतर अडवलेले पत्ते एका संचात घालून ‘रॉ’ तक्त्यात ठेवले आणि प्रस्थापितचा नियम वर आणला. अकराच्या गर्दीत आता कोणताही कोअर निम्म्याच्या वर जात नाही. साखळ्यांची वाटणी अजून केलेलीच नाही.

भार कमी झाल्यावर ‘पर्फ’मध्ये नवेच नाव वर आले: पॅकेटच्या आतील मजकुरात अक्षरमाला शोधणारे फंक्शन. पाहिले तर काही जुन्या नियमांत संकेतस्थळांची नावे मजकुरात शोधून पॅकेट अडवण्याची व्यवस्था केलेली आहे. नव्या कनेक्शनचे पॅकेट त्यांच्यापाशी आले की प्रत्येक नियम आपापले नाव स्वतंत्रपणे शोधतो. आता हे नियम वर ठेवावेत की खाली?

गिरणेचे_पाणी (चाळीसगाव)

कुठेही ठेवू नयेत, असे मी म्हणेन. क्रम ठरवताना सर्व नियम सारख्याच किमतीचे धरले जातात, पण ते तसे नसतात. पत्ता ताडणे म्हणजे एक मास्क आणि एक तुलना. मजकुरात शोध म्हणजे पॅकेटचे शेकडो बाइट चाळणे. बंधने आड येत नसतील, तर नियम लागू होण्याची शक्यता भागिले त्याची किंमत, या गुणोत्तराने क्रम लावावा. या हिशेबाने असे नियम आपोआप तळाला जातात. अनेक नावे शोधायचीच असतील, तर दर नावासाठी वेगळा फेरा मारण्याऐवजी सर्व नावे एकाच फेऱ्यात शोधणारी अहो-कोरासिक ही १९७५ पासूनची पद्धत आहे. घुसखोरी ओळखणारी साधने त्याच जातीच्या पद्धती वापरतात.

पण तुमच्या बाबतीत मुद्दा वेगळाच आहे. आज बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसची, म्हणजे कूटबद्ध असते. संकेतस्थळाचे नाव फार तर कनेक्शनच्या सुरुवातीच्या हस्तांदोलनात उघडे दिसते, आणि ते पॅकेट येईपर्यंत तुमच्या यंत्राच्या लेखी कनेक्शन प्रस्थापित झालेले असते. प्रस्थापितचा नियम वर आणल्यापासून ते पॅकेट या नियमांपर्यंत पोहोचतही नाही. हे नियम आता काही अडवत नाहीत, फक्त दमतात. संकेतस्थळे अडवण्याचे काम डीएनएस किंवा प्रॉक्सीकडे (मध्यस्थ सर्व्हरकडे) द्यावे.

नंदनगरी (नंदुरबार)

म्हणजे क्रम बदलल्यामुळे त्या नियमांचा अर्थ बदललाच. मूळ प्रश्नात ‘अर्थ न बदलता’ असे शब्द होते. इथे ते प्राचार्यांना लेखी कळवणे आवश्यक आहे, मग ते नियम आधीपासून कितीही निरुपयोगी असोत.

पांझराकाठ (धुळे)

आपले म्हणणे रास्त आहे, तसे पत्र देतो. शेवटचे विचारतो. साखळ्यांची वाटणी करून एनएफटेबल्सवर जाताना जुन्या आणि नव्या रचनेचा निकाल सारखाच येतो, हे तपासावे कसे? तीन हजार ओळी डोळ्यांनी ताडणे मला शक्य नाही.

अंजनी (एरंडोल, सध्या पुणे)

दुसऱ्या एखाद्या लिनक्स यंत्रावर दोन स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातील वेगवेगळी ठेवलेली जाळी) करा. एकात जुने नियम, दुसऱ्यात नवे. गर्दीच्या वेळची पॅकेटे टिपून ठेवा आणि तीच दोन्हींकडे सोडा. प्रत्येक नेमस्पेसमधून बाहेर पडलेली पॅकेटे टिपून त्यांतील फरक काढा. त्यासोबत प्रत्येक नियमाच्या सीमेवरची पॅकेटे मुद्दाम तयार करा, म्हणजे पट्ट्यातील पहिले पोर्ट, शेवटचे पोर्ट आणि त्यांच्या लगतची बाहेरची दोन. रोजच्या वाहतुकीत न दिसणाऱ्या चुका तिथे सापडतात. आयपीव्ही६ चे (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचे) नियम जुन्या पद्धतीत वेगळ्या तक्त्यात असतात, तेही आठवणीने घ्या. एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ कुटुंब वापरले तर दोन्ही एकत्र ठेवता येतात.

सातपुडा_जाळे (चोपडा)

आणि प्रत्यक्ष यंत्रावर नियम एकेक करून भरू नका, पूर्ण फाइल एकदाच चढवा. आयपीटेबल्सच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक नव्या ओळीसाठी संपूर्ण तक्ता कर्नलमधून बाहेर येऊन परत आत जातो, आणि मध्येच काही चुकले तर अर्धे जुने, अर्धे नवे असे नियम शिल्लक राहतात. चढवण्यापूर्वी, ठरावीक वेळेत आपण होकार दिला नाही तर जुने नियम आपोआप परत येतील, अशी सोय लावून ठेवा. दूरवरून काम करताना ती नसेल, तर स्वतःलाच बाहेर कोंडून घेतल्यावर रात्रीची एसटी पकडून यंत्रापाशी जावे लागते.

खान्देशी_भरीत

रात्री साक्रीहून धुळ्याला एसटी मिळेल, या गृहीतकावर मात्र सुरक्षेची कोणतीही योजना आखू नये.